विमानातील भीड

एप्रिल-मे जवळ आला की दवाखान्यात एका ठरावीक प्रकारच्या रुग्णांची ये-जा वाढते. मुलगा न्यू जर्सीत असतो, मुलगी कॅलिफोर्नियात. कुणाच्या सुनेचे बाळंतपण असते, तर कुणाला नातवंडांना डोळे भरून पाहायचे असते. व्हिसा हाती आलेला असतो, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी दळून झालेली असते आणि सहा महिन्यांची औषधे लिहून घेण्यासाठी पती-पत्नी समोर बसलेले असतात. त्यांच्याकडे प्रश्न पुष्कळ असतात. तिथली थंडी सोसेल का, रक्तदाबाची गोळी तिथल्या वेळेने घ्यायची की इथल्या, आजारी पडलो तर काय करायचे. मात्र मुंबईतून निघाल्यावर जे पंधरा-सोळा तास एका खुर्चीत काढायचे आहेत, त्यांविषयी क्वचितच कोणी विचारते. ‘बसूनच तर जायचे आहे,’ अशी सार्वत्रिक समजूत आहे.

म्हणून हल्ली मीच उलट प्रश्न विचारते : मागच्या वेळी विमानात आपण किती वेळा उठलात? उत्तरे ऐकण्यासारखी असतात. ‘शेजारचा झोपला होता हो, उगाच कशाला उठवायचे?’ ‘लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच घेतले नाही.’ ‘ती मुलगी दोनदा पाणी देऊन गेली, तिसऱ्यांदा मागायला संकोच वाटला.’ ‘घंटीचे बटण दिसत होते, पण ते आपल्यासाठी असते का, कोण जाणे!’

ही सारी सुसंस्कृत, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून जपणारी माणसे. परंतु भीड आणि शिष्टाचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्टाचार दुसऱ्याची सोय पाहतो. भीड आपली गरज लपवते. आणि लांबच्या विमानप्रवासात लपवलेली गरज पुढे आजार होऊन सर्वांसमोर उघड होते, तेव्हा शेजाऱ्यालाच नव्हे, तर साऱ्या विमानाला त्रास होतो. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे आपल्याकडे म्हणतात. विमानात ती आजाराचीही बहीण ठरते. म्हणून या वेळी प्रवासातील आरोग्य आणि प्रवासातील रीतभात यांचा एकत्रच विचार करू.

कळसूबाईपेक्षा उंच बैठक

विमान साधारण ३५ ते ४० हजार फुटांवरून उडते. त्या उंचीवरच्या हवेत माणूस जगू शकत नाही, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब वाढवलेला असतो. तरीही तो जमिनीवरच्या इतका नसतो. ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असेल, तेवढा तो असतो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरील हवेपेक्षाही विरळ हवेत आपण रात्रभर बसलेले असतो.

निरोगी माणसाला हे जाणवत नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे उतरते, इतकेच. परंतु ज्यांना दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार आहे, ज्यांचे हृदय अशक्त आहे अथवा ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्यांना ही थोडी घटही जड जाऊ शकते. घरच्या घरी अंदाज घेण्याची एक सोपी रीत आहे. सपाट रस्त्यावर सुमारे ५० मीटर चालून किंवा एक जिना चढून धाप लागत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. विमानात प्राणवायूची गरज पडणार असेल, तर त्याची व्यवस्था कंपनीशी आधी बोलूनच करावी लागते. घरचे सिलिंडर विमानात नेता येत नाही.

नुकतेच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, प्लास्टर घातलेले हाड यांपैकी काही झाले असेल, तर किती दिवसांनी प्रवास करावा हे शस्त्रक्रिया किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. डोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मोतीबिंदूनंतर बहुतेकांना लवकरच प्रवासाची मुभा मिळते. परंतु दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरघळेपर्यंत विमानात बसणे धोक्याचे असते. कमी दाबात वायू प्रसरण पावतो आणि डोळ्यातील दाब वाढून दृष्टी जाऊ शकते.

पोटातील वायूचेही तेच होते. उड्डाणात वेफर्सचे बंद पाकीट टम्म फुगलेले आपण पाहिले असेल. आतड्यांत तसाच प्रकार घडतो. म्हणून आदल्या दिवशी राजमा, छोले, कोबी आणि विमानात सोडा असलेली पेये टाळलेली बरी. यात आपल्या पोटाची सोय आहे आणि शेजाऱ्याच्या नाकाचीही.

पाणी, पोटऱ्या आणि रक्ताची गुठळी

१९४० सालची गोष्ट आहे. लंडनवर बॉम्बवर्षाव होत होता आणि हजारो लोक रात्र-रात्र भूमिगत आश्रयस्थानांत काढत होते. अनेकजण कापडी घडीच्या खुर्च्यांत बसूनच झोपत. त्या काळात फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे आकस्मिक मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन या डॉक्टरांच्या लक्षात आले. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखाली रुतत असे, पाय तासन्‌तास लोंबकळत आणि पायांतील रक्त साकळत असे. विमानप्रवासाशी या आजाराची जोडी जुळली ती त्यानंतर. सांगायचे ते इतकेच की दोष आकाशाचा कमी आणि निश्चल बसण्याचा अधिक आहे. रेल्वे, बस, मोटार यांच्या लांबच्या प्रवासालाही हेच लागू पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर अशी गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. घाबरून जाण्याचे कारण नाही. निरोगी प्रवाशांत हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतके अल्प आहे. मात्र पूर्वी गुठळी झालेली असणे, कर्करोग, अलीकडची मोठी शस्त्रक्रिया, स्थूलपणा, संप्रेरकांच्या गोळ्या यांनी ते वाढते. आणखी एक गोष्ट आपल्याकडील स्त्रियांनी आवर्जून लक्षात घ्यावी. फार उंच माणसांप्रमाणेच १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वापाच फुटांपेक्षा, कमी उंचीच्या प्रवाशांतही हा धोका अधिक आढळला. याचे कारण उघड दिसते. खुर्ची उंच, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आसनाची कड गुडघ्यामागे रुतते. आपल्या कितीतरी आजी आणि काकू या उंचीत बसतात. त्यांनी विमान वर स्थिरावल्यानंतर हातातील छोटी पिशवी पायांखाली घ्यावी, म्हणजे पावले टेकतील आणि मांड्यांवरील दाब कमी होईल. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र ती पुढच्या आसनाखाली सरकवावी.

उपाय साधेच आहेत. दर तासाला बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस-पंचवीस वेळा करावे. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांतील रक्त वर ढकलले जाते. सीटबेल्टचा दिवा बंद असताना दर दोन तासांनी उठून एक फेरी मारावी. पायावर पाय टाकून बसू नये. पायमोजे सैल असावेत. ज्यांचा धोका अधिक आहे, त्यांना डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे सुचवतात. पण पायांच्या रोहिणी अरुंद झालेल्यांनी आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घालू नयेत. केवळ प्रवासासाठी म्हणून ॲस्पिरिनची गोळी सुरू करण्याची प्रथाही सोडून द्यावी. ती आधीपासून सुरू असेल, तर तशीच चालू ठेवावी.

आता पाण्याविषयी. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. तोंड, नाक आणि डोळे त्यामुळे सुकतात. परंतु खरी अडचण येते ती आपणच पाणी टाळल्यामुळे. तहान मारली की बद्धकोष्ठ होते, लघवीची जळजळ होते, रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येते. दर तासाला अर्धा पेला पाणी सावकाश घेतले तर पुरे. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते, ती पुढे भरून घ्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तेच माप पाळावे.

एक वाक्य आधीच बोलून ठेवा

पाणी प्यायचे म्हणजे उठावे लागणार, आणि उठायचे म्हणजे शेजाऱ्याला उठवावे लागणार. सारी भीड इथेच येऊन अडते. त्यावर पहिला उपाय म्हणजे मधल्या वाटेलगतची जागा, जिला ‘आइल सीट’ म्हणतात, ती तिकीट काढतानाच निवडणे. त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तर मुलांनी ते जरूर भरावेत. ती चैन नव्हे.

दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. स्थानापन्न झाल्यावर, शेजारी झोपी जाण्यापूर्वीच, हसून एक वाक्य बोलून ठेवावे : ‘मला दर दोन तासांनी उठावे लागते. आपण झोपलेले असाल तर हाक मारली तर चालेल ना?’ इंग्रजीत जमले नाही, तर हिंदीत बोलावे. आजवर कोणी ‘चालणार नाही’ म्हटल्याचे माझ्या एकाही रुग्णाने सांगितलेले नाही. पूर्वसूचना मिळाली की माणसाला उठवल्याचा राग येत नाही. राग येतो तो कोणी न सांगता अंगावरून ओलांडून जाण्याचा प्रयत्न केला की. आणि वृद्ध माणसाने अंधारात दुसऱ्याच्या गुडघ्यांवरून ओलांडणे म्हणजे खुब्याच्या हाडाला आमंत्रण आहे.

उठताना पुढच्या आसनाची पाठ धरून स्वतःला वर ओढण्याची सवय बहुतेकांना असते. पुढे झोपलेल्या माणसाला तो धक्का असतो आणि कधीकधी त्याचे केसही हातात येतात. आपल्याच खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठावे. उठल्यावर लगेच चालू लागू नये. क्षणभर उभे राहावे, डोके हलके वाटत नाही ना ते पाहावे आणि मग निघावे.

स्वच्छतागृहातील गैरसोयी

विमानातील स्वच्छतागृह म्हणजे एक कपाटच. त्याचा दरवाजा बहुधा मधोमध दाबल्यावर आत दुमडतो. कडी पूर्ण सरकवली की आतला मोठा दिवा लागतो. दिवा मंद असेल तर कडी नीट लागलेली नाही असे समजावे. पाणी सोडण्याचे बटण दाबताच मोठा आवाज होतो, त्याने दचकू नये. आत आधारासाठी मूठ असते आणि मदतीसाठी घंटीचे बटणही असते. ते कुठे आहे, हे आत गेल्यावर प्रथम पाहून ठेवावे. पुरुषांनीही तेथे बसूनच लघवी करावी. विमान हलले तरी तोल जात नाही आणि जागाही स्वच्छ राहते. चक्कर येत असेल, तर एकट्याने आत जाऊ नये. कर्मचाऱ्यांना सांगावे, दरवाजा बाहेरूनही उघडता येतो, म्हणून कडीची भीती बाळगू नये.

आपल्याला पाण्याची सवय असते आणि तेथे कागद असतो. छोटी बाटली किंवा ओले रुमाल सोबत न्यावेत, परंतु ओले रुमाल शौचकूपात टाकू नयेत, कचऱ्याच्या झाकणात टाकावेत. जमिनीवर पाणी सांडल्यास कागदाने टिपून घ्यावे. आपल्यानंतर येणारी व्यक्ती कदाचित आपल्याहून थकलेली असेल आणि त्या ओल्या जमिनीवर तिचा पाय घसरेल. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर तेथे कधीही जाऊ नये. विमानात पाय थोडे सुजतात, म्हणून सहज घालता-काढता येतील असे सैल बूट किंवा मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी दोन गोष्टी पाळाव्यात. लघवी तुंबवून ठेवू नये आणि सर्दी-खोकल्याच्या किंवा झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. या गोळ्यांनी लघवी अडकू शकते. विमानात फुकट मिळते म्हणून मद्य घेतले, वर अशी एक गोळी घेतली आणि शेजाऱ्याच्या झोपेखातर चार तास तसेच बसून राहिले, तर उतरल्यावर कॅथेटर घालण्याची पाळी येऊ शकते. जेवणाचे ताट येण्यापूर्वी जाऊन यावे. ताटे मांडल्यावर उठणे अवघड होते आणि ताटे उचलताच बाहेर रांग लागते.

औषधांची पिशवी आणि जेवणाचे ताट

सर्व औषधे हाताजवळच्या पिशवीत असावीत. सामानाच्या मोठ्या बॅगेत गेलेली औषधे बॅगेबरोबर हरवतात, आणि तेथे इन्सुलिन गोठून निकामी होण्याचीही शक्यता असते. गोळ्या मूळ पाकिटात ठेवाव्यात आणि सोबत इंग्रजीत छापलेली चिठ्ठी असावी. तिच्यावर औषधांची केवळ बाजारातील नावे नसावीत, मूळ रासायनिक नावेही असावीत. आपल्याकडचे नाव परदेशातील डॉक्टरांना कळत नाही. हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्यांना बंदी असली, तरी आवश्यक औषधांना सवलत असते. मात्र तपासणीच्या वेळी ती बाहेर काढून दाखवावी लागतात.

लघवी वाढवणारी गोळी अनेकजण प्रवासापुरती स्वतःहून बंद करतात. तसे करू नये. ती कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. बरेचदा केवळ वेळ बदलून काम भागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर वेळापत्रक लिहूनच घ्यावे. मुंबईहून अमेरिकेकडे जाताना दिवस लांबतो आणि परतताना आखडतो, त्यानुसार मात्रा बदलावी लागू शकते. जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे. हवा खराब झाली की जेवण तासभर लांबते आणि इंजेक्शन घेऊन बसलेल्याची साखर एकदम उतरते. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यातच. कुठल्याही नव्या झोपेच्या गोळीचा पहिला प्रयोग विमानात करू नये. गुंगीत पाय हलत नाहीत, आणि मध्येच जाग आली तर वृद्ध माणूस गोंधळतो, पडतो.

शाकाहारी वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. तिकिटासोबत जेवण निवडताना ‘हिंदू मील’ हे नाव पाहून निश्चिंत होऊ नये. त्यात गोमांस नसते, पण इतर मांस किंवा मासे असू शकतात. आपल्या पद्धतीचे शाकाहारी जेवण बहुधा ‘एशियन व्हेजिटेरियन’ या नावाने असते. मधुमेहींसाठी आणि जैन पद्धतीचे जेवणही मिळते, पण ते प्रवासाच्या किमान एक-दोन दिवस आधी नोंदवावे लागते. घरच्या दशम्या किंवा मेथीचे ठेपले जरूर न्यावेत. लसणाची चटणी आणि लोणचे मात्र बॅगेतच राहू द्यावे. बंद विमानात त्याचा वास शंभर माणसांना वाटला जातो. फळे उतरण्यापूर्वी संपवावीत. अमेरिकेत ती जाहीर न करता बाहेर नेल्यास दंड होऊ शकतो.

शेजारधर्म

खुर्ची मागे झुकवण्याचा आपल्याला अधिकार आहे; पण आधी वळून पाहावे आणि सावकाश झुकवावी. मागे एखाद्याच्या हातात गरम चहा असू शकतो. जेवणाच्या वेळी ती सरळ करावी. तिघांच्या रांगेत मधल्याला खिडकी नसते, वाटही नसते. म्हणून दोन्ही बाजूंचे हात टेकवण्याचे दांडे त्याला द्यावेत, असा संकेत आहे. पती-पत्नींच्या जागा वेगळ्या पडल्या, तर बदलून मागण्यास हरकत नाही, पण ती विनंती असावी. आपली मधली जागा देऊन दुसऱ्याची वाटेलगतची मागू नये, आणि समोरच्याने नकार दिला तर मनात धरू नये. त्यालाही कदाचित प्रोस्टेट असेल!

मोबाइलवरचे कीर्तन कितीही रसाळ असले, तरी ते कानातल्या यंत्राविना लावू नये. दोन रांगा सोडून बसलेल्या नातलगाशी मोठ्याने बोलू नये. ज्यांना कमी ऐकू येते त्यांचा आवाज नकळत चढतो. सोबतच्यांनी हाताला स्पर्श करून हळूच जाणीव करून द्यावी. विमान उतरताना तान्ही मुले रडतात, कारण त्यांचे कान दुखत असतात. आपलेही दुखतात. त्या वेळी जागे राहावे, आवंढा गिळावा, गोळी चघळावी. त्या आईला सल्ले देऊ नयेत. तिच्याकडे पाहून एकदा हसलात तरी तिला हायसे वाटेल.

वरच्या कप्प्यातील बॅग स्वतः चढवू नये. सांधे, मणके आणि खाली बसलेल्याचे डोके या तिन्हींसाठी ते बरे नव्हे. एखाद्या तरुणाला विचारावे, बहुतेक तरुण आनंदाने मदत करतात. प्रवासात लागणारे चष्मा, औषधे, शाल आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या पायाशी ठेवाव्यात, म्हणजे तो कप्पा पुन्हापुन्हा उघडावा लागत नाही. आणि चाके जमिनीला लागताच उभे राहू नये. व्हीलचेअर मागणाऱ्यांना तसेही सर्वांत शेवटी उतरायचे असते.

व्हीलचेअर आणि घंटी

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढताना, निदान ४८ तास आधी, नोंदवावी आणि गरज नेमकी सांगावी. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, जिनाही चढवत नाही, किंवा आसनापर्यंतही आधार लागतो, अशा तीन वेगवेगळ्या पायऱ्या विमान कंपन्या मानतात. रांग चुकवण्यासाठी धडधाकट माणसाने खुर्ची मागितली, तर ती एखाद्या खऱ्या गरजूची असते.

२०२४ च्या फेब्रुवारीत परदेशातून मुंबईत उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन खुर्च्यांची मागणी नोंदवली होती. प्रत्यक्षात एकच आली. पत्नीला तिच्यात बसवून ८० वर्षांचे पती सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनच्या कक्षापर्यंत पोहोचून कोसळले. ते वाचले नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. व्यवस्थेतील दोष व्यवस्थेने सुधारायचा आहेच. आपल्या हाती आहे ते एवढेच, की दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघांनीही बसून राहायचे. ‘चालेन मी, किती अंतर असणार!’ हे वाक्य त्या लांबलचक मार्गिकांत बोलू नये.

तीच गोष्ट आसनावरील घंटीची. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली विमानातील सुमारे १२ हजार वैद्यकीय प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण दर ६०० उड्डाणांमागे असा एक प्रसंग घडला होता, आणि त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक भोवळ येण्याचे होते. भोवळ बहुधा सांगून येते. डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम, मळमळ. त्याच क्षणी घंटी वाजवावी, डोके खाली न्यावे, जमल्यास आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे यांसाठी तर एक मिनिटही थांबू नये. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण दिलेले असते, त्यांच्याजवळ प्राणवायू आणि औषधांची पेटी असते. त्यांना ‘त्रास देणे’ असे काही नसते. ते त्यासाठीच तेथे असतात.

मुलांनी करावयाची तयारी

आई-वडील एकटे येणार असतील, तर मुलांनी एक जाड कार्ड तयार करून त्यांच्या गळ्यातील पिशवीत ठेवावे. एका बाजूला नाव, वय, आजार, औषधे, ॲलर्जी आणि दोन्ही देशांतील नातलगांचे दूरध्वनी. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पाच-सहा वाक्ये आणि प्रत्येकाखाली त्याचे मराठी : मला पाणी हवे आहे. मला स्वच्छतागृहात जायचे आहे. माझे जेवण शाकाहारी आहे. मला चक्कर येत आहे. मला मधुमेह आहे, लगेच काहीतरी गोड द्या. माझी व्हीलचेअर आलेली नाही. भाषेची भीती हे भिडेचे मोठे कारण असते. कार्डावर बोट ठेवायला उच्चाराची गरज नसते.

ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांना एकटे पाठवू नये. त्यांना खिडकीशी बसवावे आणि सोबत्याने वाटेच्या बाजूला बसावे, म्हणजे ते रात्री उठून भटकणार नाहीत. कर्मचाऱ्यांना सुरुवातीलाच कल्पना द्यावी. यात लपवण्यासारखे काही नाही.

पोहोचल्यावर दोन्ही घोटे थोडे सुजलेले दिसले तर चिंता नको. एक-दोन दिवसांत ते उतरतात. परंतु एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा पुढच्या काही आठवड्यांत अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ‘मी नुकताच लांबचा विमानप्रवास केला आहे’ हे प्रथम सांगावे. झोपेचे चक्र जागेवर यायला तासाला साधारण एक दिवस लागतो. न्यू यॉर्क आणि भारत यांत साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. तेव्हा पहिला आठवडा-दीड आठवडा रात्री दोनला जाग येणारच. त्या वेळी अनोळखी घरात अंधारात चाचपडत फिरू नये. मुलांनी पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत एक लहान दिवा लावून ठेवावा, आणि आई-वडिलांना पहिल्याच दिवशी सांगावे की काही लागले तर निःसंकोच हाक मारा. बरेचसे आई-वडील मुलांच्या घरीदेखील भीड धरतात. ते काही मागायचे नाहीत, हे गृहीत धरून मुलांनीच दिवसातून एकदा विचारावे.